कंदीलपुष्प जगवायचे आणि त्याचे बी धरायचे: मराठवाड्यातील वनस्पती उद्यानांसाठी

डिसेंबरात कुंडी रिकामी दिसू लागते. पाने झडलेली, वेलीची काडी होऊन तुराटीला लटकलेली, माती पांढुरकी पडलेली. नेमके तेव्हाच कुणीतरी हळहळतो आणि तांब्याभर पाणी ओतून जातो. महिन्याभराने कुंडी उकरली की खाली कंदाच्या जागी काळपट लगदा सापडतो. ज्या वेलीला चार महिने पावसाचे आणि आठ महिने कोरडीचे माहीत आहेत, तिच्यावर झालेली ही दया.

हा लेख सेरोपेजिया बल्बोसा या कंदीलपुष्पाच्या लागवडीबद्दल आहे. कुठे खर्पुडी म्हणतात, कुठे पाताळ तुंबडी, कुठे गायाळा. लेख कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्यांसाठी लिहिला आहे, पण ज्याच्याकडे चार कुंड्या आणि पत्र्याची शेड आहे त्यालाही तो लागू पडेल. वेल जगवणे फारसे कठीण नाही. तिच्यावर बी धरायला लावणे कठीण आहे. बी धरत नसेल तर उद्यानातली वेल ही नुसती शोभेची, म्हणून पुढची बरीचशी मेहनत त्या एका गोष्टीकडे वळवलेली आहे.

वेल कोणती

सेरोपेजिया हे प्रजातीचे नाव (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे नाव) लिनिअसने १७५३ साली दिले आणि बल्बोसा ही जात विल्यम रॉक्सबर्गने १७९५ साली वर्णन केली. ही रुईच्या नात्यातली वेल. जमिनीत चपटा, गोल कंद. पाऊस पडला की त्यातून बारीक, गुंडाळत जाणारी वेल निघते. पाने जाडसर, रसदार. फूल दोनेक सेंटिमीटरचे, खाली फुगीर, मधे नळी आणि वर पाच पाकळ्यांची टोके एकत्र जुळून झालेला छोटा पिंजरा. कंदील म्हणतात तो यामुळेच.

पानांवरून ओळख पटवू नका. एकाच जातीत काही वेलींची पाने गोल, रुंद असतात, तर काहींची अगदी अरुंद, गवतासारखी. अरुंद पानांच्या वेलींना 'लशी' असे वेगळे प्रकारनाव दिलेले आहे. दोन्हींच्या कुंड्या वेगळ्या ठेवा आणि बी मिसळू देऊ नका. दुसरी गफलत होते सेरोपेजिया हिर्सुटाशी. तिची काडी आणि पाने केसाळ असतात, फूलही बरेच मोठे असते. फूल येईपर्यंत पाटीवर फक्त 'सेरोपेजिया' लिहा. चुकीचे नाव लिहिलेली पाटी कोऱ्या पाटीपेक्षा जास्त घोळ घालते.

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कित्येक कंदीलपुष्पांना धुके आणि थंड हवा लागते. ती मराठवाड्यात आणून त्यांच्यासाठी फॉगर (धुके सोडणारे यंत्र) चालवणे म्हणजे हट्ट. बल्बोसा मात्र कोरड्या मुलखाची आहे, राजस्थान-गुजरातेतही वाढते. मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस, मग लांबलचक कोरडा हिवाळा-उन्हाळा, मे महिन्यात ४२ अंश. तिच्या विश्रांतीचे वेळापत्रक इथले हवामानच सांभाळते. देशभर पसरलेली असली तरी ती सगळीकडे तुरळक सापडते. कंद खाण्याजोगा असतो, त्यामुळे गुराखी, रानडुक्कर आणि साळिंदर तिघेही तो उकरतात. शिवाय माळ सपाट केला की ती कायमची जाते.

आणायचे काय

पहिली पसंती बियांना. रानातला कंद उकरून आणणे म्हणजे तिथली एक वेल कमी करणे, तेही ती इथे जगेल याची खात्री नसताना. माळ नांगरला जाणार असेल, रस्ता रुंद होणार असेल, खाणीचे काम निघणार असेल, तेव्हाच कंद उचला.

बी गोळा करताना दोन आकडे पाळा. पक्क्या बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. आणि शक्य तितक्या जास्त वेलींवरून घ्या, पन्नास मिळाल्या तर उत्तमच, पण दहाच दिसल्या तर दहाही वेलींवरून थोडे थोडे. एकाच वेलीचे दोन शेंगा भरून बी आणले तर पुढे सगळी बाग एकाच आईची लेकरे होते. प्रत्येक वेलीचे बी वेगळ्या कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल साठते आणि घरी पोहोचेपर्यंत बुरशी धरते.

वनविभागाच्या जमिनीवरून काहीही आणायचे तर आधी लेखी परवानगी हवी. गौताळा, येडशी रामलिंग घाट किंवा नायगाव मयूर यांसारख्या अभयारण्यांत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो, तिथे 'अभ्यासासाठी चार बिया' हेही विनापरवाना चालत नाही. गावाच्या गायरानात जाणार असाल तर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. ही समिती जैवविविधता अधिनियम २००२ नुसार असते. बऱ्याच गावांत ती कागदावरच आहे, तरीही पत्र द्या. वेल कुठल्या बांधाला आहे हे गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याइतके कुणालाच ठाऊक नसते आणि पत्र दिल्यावर तो माणूस भेटतो.

काडीपासूनही रोप होते. दोन-तीन पेरांचा तुकडा ऑगस्टात घ्या, कापलेली बाजू सावलीत दिवसभर सुकू द्या, एक पेर मातीखाली जाईल असा आडवा दाबा. पण ते मूळ वेलीचेच रूप असते. एखादी वेल मरणपंथाला लागली असेल तर तिची प्रत राखण्यापुरता हा मार्ग, संख्या वाढवण्यासाठी नव्हे.

नोंद

वही साधी असू द्या. क्रमांक (वर्ष आणि अनुक्रमांक), गोळा केल्याची तारीख, गाव-शिवार, उंची, खडक-मातीचा प्रकार, ती कुठल्या झुडपात चढलेली होती, मूळ वेल क्रमांक, बियांची संख्या. नेमके अक्षांश-रेखांश कार्यालयातल्या प्रतीत ठेवा. लोकांना दिसणाऱ्या पाटीवर जिल्ह्याच्या नावाखेरीज काही लिहू नका, कंद उकरणारेही पाट्या वाचतात.

कुंडीतली पाटी ॲल्युमिनियमच्या पट्टीची, खिळ्याने कोरलेली. मार्करची शाई मराठवाड्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडते, शिसपेन्सिल त्याहून जास्त टिकते. वेल विश्रांतीत गेली की पाटी हीच तिची एकमेव ओळख उरते, म्हणून एक पट्टी वर खोचा आणि दुसरी तशीच मातीत पुरा.

पहिले फूल आले की एक नमुना हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) दाबा. दोन-तीन फुले मात्र ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, कारण दाबल्यावर कंदिलाचा आकार राहत नाही आणि पुढे ओळख पटवायला तोच आकार लागतो.

माती

काळी माती नको. शेतकऱ्याला जी सोन्यासारखी, तीच या कंदाचा काळ. पावसात ती फुगून हवा कोंडते, उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते, आणि एकदा भिजली की आठ-दहा दिवस आत ओल धरून ठेवते. 'थोडी काळी, थोडी वाळू' असा मध्यममार्ग तर आणखी वाईट: वाळूच्या फटींत चिकणमाती बसते आणि कुंडीत वीट तयार होते.

चालणारे मिश्रण, घमेल्यांच्या मापात: चाळलेला मुरूम ४, जाडी वाळू किंवा खडीक्रशरवरची तीन-चार मिलिमीटरची बारीक खडी २, पूर्ण कुजलेले पालापाचोळ्याचे खत २, तांबडी किंवा माळावरची हलकी माती १. त्यात निंबोळी पेंड दोन मुठी आणि ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) पावडर साधारण १०० ग्रॅम. मुरूम आधी सहा मिलिमीटरच्या चाळणीतून घ्या, मग मैद्याच्या नव्हे पण गव्हाच्या चाळणीतून धूळ काढून टाका. खडीची धूळ धुऊनच वापरा. ही एक पायरी गाळली की पहिल्याच पावसात धूळ तळाला जाऊन भोक बुजवते. पांढऱ्या चुनखडीच्या गाठी दिसल्या तर वेचून काढा. कोकोपीट टाळा, ते वरून कोरडे दिसते आणि आत ओले असते, नवख्या हाताला फसवते.

मिश्रण तयार झाले की परीक्षा घ्या. सहा इंची कुंडी भरा, एकदा भिजवून निथळू द्या, मग अर्धा लिटर पाणी एकदम ओता. पाणी वर डबके करून न राहता अर्ध्या मिनिटात जिरले आणि मिनिटभरात तळातून वाहू लागले तर ठीक. नाहीतर आणखी एक घमेले खडी.

कुंडी मातीचीच घ्या, सहा इंची, उथळ नको. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा उपडा ठेवा आणि त्यावर दोन बोटे खडी.

पेरणी

शेंगा हिवाळ्याच्या तोंडी पिकतात, तरी पेरणी मृगातच करा, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. फेब्रुवारीत पेरले तर रोपे झकास उगवतात, पण दोन महिन्यांनी ४० अंशांत सापडतात आणि कंद फुगायच्या आत सुकतात. जूनमध्ये पेरलेल्या रोपाला ऑक्टोबरपर्यंत चार-पाच महिने मिळतात. पुढच्या उन्हाळ्यात टिकेल इतका कंद त्याच मुदतीत बांधला गेला पाहिजे.

प्रो-ट्रेचे (रोपांच्या प्लॅस्टिक ट्रेचे) खण या कामाला उथळ पडतात. चार बाय सहा इंचाच्या पॉलिबॅगा घ्या, तळाला चार-पाच भोके पाडा, वरील मिश्रण पण दाणेदार भाग बारीक चाळून भरा. बियांचे रेशमी तंतू हलकेच ओढून काढा, राहिले तर ओलीने त्यांच्यावर बुरशी येते. बी आडवे ठेवा आणि त्यावर तीन-चार मिलिमीटर बारीक वाळू. एका पिशवीत दोन बिया. फवाऱ्याने भिजवा आणि ५० टक्के शेडनेटखाली ठेवा. ताजे, नीट साठवलेले बी २५ ते ३० अंशांत एक ते दोन आठवड्यांत उगवते. तीन आठवड्यांनंतरही काही दिसत नसेल तर एखादे बी उकरून चिमटीत दाबा. पोकळ निघाले तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

बीजपत्रांच्या (बियातून निघणाऱ्या पहिल्या पानांच्या) खालचा भाग महिन्या-दीड महिन्यात फुगू लागतो. त्या काळात रोपे उपटून दुसरीकडे लावण्याचा मोह आवरा. मूळ तुटले की ते रोप त्या वर्षीची वाढ थांबवते. पहिल्या हंगामाअखेर कंद वाटाण्याएवढा झाला तरी समाधान माना. फूल साधारण दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात.

कंद, पाणी, आधार

मेच्या शेवटी कंद नव्या मिश्रणात बसवा. ज्या बाजूला जुन्या काडीचा खळगा दिसतो ती वर. कळत नसेल तर आडवा ठेवा, कोंब आपली वाट काढतो. कंदाच्या माथ्यावर दोन ते तीन सेंटिमीटर माती. कंदाला लागून सगळीकडून बोटभर निव्वळ वाळूचा थर दिला तर कुजण्याचे प्रमाण बरेच घटते.

कोंब मातीबाहेर दिसेपर्यंत पाणी फक्त मातीचा वरचा थर ओलसर करण्यापुरते. कोंब वीतभर झाल्यावर सहा इंची कुंडीला एका वेळी १५० ते २०० मिलिलिटर, तेही बोट तीन सेंटिमीटर खोचून कोरडे लागल्यावरच. पावसाच्या उघडिपीत हे तीन-चार दिवसांतून एकदा येते. झड लागली की उलट काळजी: सलग तीन-चार दिवस रिमझिम असेल तर कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली सरकवा. मराठवाड्यात झड क्वचित लागते म्हणून लोक तयारी ठेवत नाहीत आणि मग एका पोळ्याच्या आठवड्यात पाच वर्षांचे कंद हातचे जातात.

बोअरचे पाणी शक्यतो नको. खापरी कुंडीच्या बाहेर पांढरे पापुद्रे येऊ लागले, पानांच्या कडा करपल्या की क्षार साठलेत असे समजा. पाण्यातले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर घ्या, ५०० च्या वर आकडा गेला तर पावसाचे पाणी वापरा. पन्नास कुंड्यांना आठवड्यातून दोनदा २०० मिलिलिटर म्हणजे आठवड्याला २० लिटर. तीन आठवड्यांची उघडीप धरली तरी ६० लिटर. पन्हाळीखाली २०० लिटरचा एक ड्रम पुरून उरतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसणाऱ्या उद्यानाला एवढी स्वस्त वेल दुसरी मिळायची नाही.

खत जवळजवळ नकोच. जुलैत कुंडीमागे दोन चमचे गांडूळखत, आणि वेल पिवळट दिसली तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम, तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. युरियाने वेल हिरवीगार, लुसलुशीत होते, फुले येत नाहीत आणि मावा मात्र येतो.

आधाराला तुराट्या उत्तम: खरखरीत असतात, वेल घसरत नाही. दीड मीटर उंचीच्या तीन तुराट्या कुंडीच्या काठाला खोचून वर बांधा. दरवर्षी नव्या घ्या, जुन्यांवर बुरशी असते. ऊन कसे, तर मूळ सावलीत आणि शेंडा उन्हात. रानात ती हेंकळ, करवंद, निवडुंग यांच्या जाळीतून वर डोके काढते. कुंड्यांच्या पश्चिमेला झुडपांची रांग किंवा शेडनेटचा पडदा असला की दुपारची तिरीप कुंडीच्या भिंतीवर येत नाही.

फूल, चिलटे आणि परागपुंज

फुले श्रावणापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत येत राहतात. बहुतेक उद्यानांत इथपर्यंत सगळे छान चालते, फोटो निघतात आणि शेंग मात्र एकही लागत नाही. कारण समजून घ्यायचे तर फुलाचे यंत्र बघावे लागते.

फूल हा सापळा आहे. वासाने आलेले चिलट वरच्या पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते आणि नळीतून खाली घसरते. नळीच्या आत खालच्या दिशेने वळलेले केस असतात, त्यामुळे उतरता येते, चढता येत नाही. तळाच्या फुगीर भागात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र जुळून झालेली रचना असते. या कुळात पराग सुटी पूड नसते. मेणचट पिवळ्या परागपुंजांच्या पाच जोड्या असतात आणि प्रत्येक जोडी एका बारीक, कडक चिमट्याला जोडलेली असते. चिलट चाटायला तोंड खुपसते, तोंडाचा केस त्या चिमट्यात अडकतो आणि जोडी त्याच्यासोबत निघते. फूल म्हातारे झाले की आतले केस सुकतात, फूल कलते आणि चिलट सुटते. ते पुन्हा दुसऱ्या फुलात फसले आणि त्याच्या तोंडावरचा पुंज तिथल्या खाचेत बरोबर बसला, तरच फळ. दक्षिण आफ्रिकेतले सेरोपेजिया सँडरसोनी तर जखमी मधमाशीसारखा वास सोडून तिच्या रसावर जगणाऱ्या चिलटांना फसवते, इतके हे नाते नेमके असते.

म्हणून पहिले काम, चिलटे येऊ द्या. फुलांच्या दिवसांत कुंड्यांच्या वीस-पंचवीस मीटर परिसरात कसलीही कीटकनाशक फवारणी नको, शेजारच्या गुलाबावरही नको. कंपोस्टचा खड्डा जवळ असेल तर बुजवू नका. कुंड्या कीटकजाळीच्या पॉलिहाऊसमध्ये असतील तर बाहेर काढा. जाळीआड ठेवलेली वेल वर्षानुवर्षे फुलते आणि वांझ राहते. दुसरे, वेगवेगळ्या वेलींवरून आलेल्या किमान आठ-दहा कुंड्या जवळजवळ ठेवा. एकाच वेलीच्या काड्यांपासून केलेल्या दहा कुंड्या म्हणजे एकच वेल, आणि स्वतःच्या परागावर फळ धरण्याचा भरवसा या कुळात धरू नये.

चिलटे येतात की नाही हे कळायला, कललेली चार-पाच फुले सकाळी तोडा, तळाचा फुगा ब्लेडने उभा चिरा आणि भिंगाखाली बघा. चिलट आहे पण तोंडावर पिवळे ठिपके नाहीत, तर ते भलत्याच जातीचे आहे. ठिपके आहेत पण शेंगा नाहीत, तर जवळ परका जोडीदार नाही. चिलटच नाही, तर जागा बदला.

हाताने परागण करायचे तर स्थिर हात आणि विसेक पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक हवा. सकाळी, त्याच दिवशी उमललेले फूल घ्या. दात्या फुलाचा फुगा चिरून उघडा. डोळ्याच्या पापणीचा जाड केस काडीच्या टोकाला गोंदाने चिकटवा किंवा सगळ्यात बारीक कीटकपिन घ्या. चिमट्याच्या खालच्या खाचेत ती घालून वर ओढा, जोडी अलगद सुटून येते. आता घेणाऱ्या वेलीवरच्या फुलाच्या फुग्याला, ते वेलीवरच ठेवून, एका बाजूने छोटी खिडकी पाडा. चिमट्यांच्या मधोमध खाली उभ्या फटी दिसतात, परागपुंज त्या फटीत खालून वर सरकवा. टक्कन बसल्यासारखे जाणवते. पुंज उलटा बसला तर परागनळी आत शिरत नाही आणि बहुतेक प्रयत्न इथेच वाया जातात. रोज पाच-सहा फुले, असे पंधरा दिवस, ही तयारी ठेवूनच बसा. प्रत्येक देठाला रंगीत दोरा आणि वहीत दोन्ही वेलींचे क्रमांक. फूल गळाले पण देठ हिरवा राहिला आणि त्यावर दोन बारीक शिंगे दिसू लागली तर जमले.

शेंग आणि बी

शिंगे वाढून बारीक, लांब जोडशेंगा होतात. पिकायला दोन-तीन महिने लागतात, आणि या काळात वेल वाळू लागली तरी शेंग असलेल्या कुंडीचे पाणी तोडू नका, थोडे थोडे चालू ठेवा. शेंगेचा हिरवा रंग उतरू लागला की लगेच तिच्यावर मच्छरदाणीच्या कापडाची लांबट पिशवी बांधा. एक शनिवार-रविवार गेला की सोमवारी फक्त रिकामी टरफले राहतात, कारण शेंग एका बाजूने उकलते आणि बिया रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या उडून जातात. पिशवी नसेल तर दोऱ्याचे सैल वेढे तरी द्या.

बी सावलीत आठवडाभर सुकवा, तंतू काढा, कागदी पाकिटात घाला. पाकिटे सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत, बरणी फ्रिजच्या खालच्या खणात. नेहमीच्या तापमानाला कपाटात ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घसरते. निम्मे बी पुढच्या मृगात पेरा, उरलेले दुसऱ्या एखाद्या उद्यानाकडे नोंदीसह पाठवा. एका गावी भिंत पडली, नळ फुटला, उंदीर शिरले तरी जात दुसरीकडे शिल्लक राहते.

काय बिघडते

कंद कुजणे. काडी बुडाशी मऊ, पारदर्शक झाली की थांबू नका, कंद बाहेर काढा. मऊ भाग पांढरा, कडक गर दिसेपर्यंत धारदार पात्याने कापा आणि प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसा. लिटरला तीन ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवा, मग हवेशीर सावलीत पाच-सहा दिवस सुकवून निव्वळ वाळूत ठेवा. पाणी नाही. निम्मा कंद वाचला तरी पुढच्या पावसात फुटतो. काप घेतल्या दिवशीच ओल्या मातीत लावलेला कंद मात्र हमखास जातो.

पिवळा मावा. रुईवर दिसतो तोच, कोवळ्या शेंड्यांना आणि कळ्यांच्या देठांना लटकतो. कळ्या गळण्याचे ते एक मोठे कारण. बोटांनी चिरडा, नंतर पाण्याचा बारीक फवारा. फुले नसतील तर कडुनिंब तेल पाच मिलिलिटर आणि चार थेंब द्रवसाबण लिटरला, संध्याकाळी. कुंड्यांजवळ उगवलेली रुई काढून जरा लांब, पण उद्यानातच राहू द्या. तिचा उपयोग पुढे आहे.

अळी. पिवळे-काळे पट्टे आणि काळ्या शिंगांच्या तीन जोड्या दिसल्या तर ती प्लेन टायगर फुलपाखराची. दोन दिवसांत छोटी वेल फस्त करते. मारू नका, उचलून त्या लांबच्या रुईवर नेऊन सोडा.

गोगलगायी. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीड-धाराशिवकडच्या सोयाबीनवर त्यांनी काय केले ते सगळ्यांनी पाहिले. कुंडीतले कोवळे रोप त्यांना एका रात्रीचे. संध्याकाळी ओली गोणपाटे कुंड्यांभोवती टाका, पहाटे उचलून त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका. चुन्याची रेघ मांडवाभोवती चालेल, कुंडीच्या तोंडाशी नको.

पिठ्या ढेकूण खोडाच्या पेरात आणि कंदाच्या खळग्यातही बसतो. विश्रांतीत कंद हाताळताना स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून घ्या.

वेल जोमदार पण फूल नाही, ही तक्रार जास्त सावलीची किंवा जास्त खताची. कुंडी उघड्यावर आणा.

उंदीर आणि खारी कोरड्या दिवसांत कंदावर टपलेल्या असतात. अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी कुंड्यांच्या मांडणीवर वरून-खालून हवी. कोंबडी जाळीची भोके मोठी, उंदराला ती दरवाजासारखी.

उघड्यावरचा वाफा

तीन-चार हंगामांनी वीस-पंचवीस जोमदार कंद हाताशी आले की दोन मीटर बाय एक मीटर, ४५ सेंटिमीटर उंच वाफा बांधा. काळ्या दगडांची कोरडी रचाई, सिमेंट नको, म्हणजे बाजूनेही पाणी निथळते. तळाला १५ सेंटिमीटर दगडगोटे, त्यावर १० मुरूम, वर २० कुंडीचेच मिश्रण. कंदांच्या थराखाली वेल्डमेश अंथरा आणि कडांनी वर वळवा, घुशी खालून येतात. वाफ्यात आधी हेंकळ किंवा करवंदाचे एखादे झुडूप वर्षभर वाढू द्या, मग त्याच्या बुडाशी ३० सेंटिमीटर अंतराने कंद. सगळे कंद वाफ्यात घालू नका, प्रत्येक मूळ वेलीचा एक तरी कंद कुंडीत राखून ठेवा. ठिबकची नळी या वाफ्याजवळून नेऊ नका. शेजारच्या हिरवळीचा स्प्रिंकलर इथे पोहोचत नाही ना, हे एकदा वाऱ्याच्या दिवशी पाहून घ्या.

विश्रांतीचे महिने

ऑक्टोबरात पाने पिवळी पडू लागली की पाणी निम्मे करा आणि नोव्हेंबरमध्ये पूर्ण बंद करा, फक्त शेंगवाल्या कुंड्या सोडून. काडी स्वतःहून सुटली की काढा, ओढू नका. कुंड्या हवेशीर शेडमध्ये, फळीवर, एकमेकींना चिकटवून ठेवा आणि प्रत्येकीवर लाल रंगाची पट्टी अडकवा. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: 'झोपली आहे. पाणी घालू नका. मृगात उठेल.' एप्रिल-मेत पत्र्याची शेड भट्टी होते, तेव्हा वर उसाचे पाचट पसरा. वाटाण्याएवढे एका वर्षाचे कंद मात्र पूर्ण कोरडे पडू शकतात, त्यांच्या कुंड्यांच्या काठाने महिन्यातून एकदा दोन चमचे पाणी सोडा. मोठ्या कंदांना तेवढेही नको. मार्चमध्ये एकदा दोन-तीन कुंड्या उकरून कंद दाबून बघा: किंचित सुरकुतलेला चालतो, मऊ चालत नाही.